कोशर म्हणजे मंत्र फुंकलेलं अन्न नव्हे

'ज्यू धर्म पाच ओळींत' असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन-चार ग्रुपांतून आला. शेवटी शाळेतल्या मैत्रिणीनं पाठवला आणि खाली विचारलं, "तुमच्यात खरंच असं असतं का गं?" मेसेजचं म्हणणं असं: रब्बी हे ज्यूंचे पुजारी, त्यांच्यावाचून पान हलत नाही. रब्बीनं मंत्र म्हटलेलं अन्न म्हणजे कोशर. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, सहा टोकांच्या ताऱ्याची पूजा होते. शनिवारी हे लोक सुतक असल्यासारखे अंधारात उपाशी बसतात. आणि तालमूद हा त्यांचा गुप्त ग्रंथ, तो फक्त रब्बीच वाचतात. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. मैत्रिणीनं मनापासून विचारलंय, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी रब्बी. या शब्दाचा अर्थ 'माझे गुरुजी'. रब्बी धर्मशास्त्र शिकलेला असतो, शिकवतो, शंकेचा निवाडा देतो. पुजारी म्हणावं असे लोक वेगळे होते, ते कोहेन. मोशेचा भाऊ आहरोन याच्या वंशातले, यरुशलेमच्या मंदिरात बली अर्पण करणारे. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केलं, बली थांबले आणि पुजाऱ्याचं कामही संपलं. उरलं ते पठण आणि प्रार्थना. सामुदायिक प्रार्थनेला लागतो तो मिन्यान, म्हणजे दहा जण. जुन्या रिवाजात दहा प्रौढ पुरुष. त्यांत रब्बी असायलाच हवा असं नाही. नऊ रब्बी जमले तर मिन्यान होत नाही, दहा रिक्षावाले जमले तर होतो. आमच्या समाजात तर पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हताच. लग्नकार्य, तंटे आमच्यातलेच काजी बघायचे, पुढे प्रार्थना हझान, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे, चालवू लागले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, 1796 मध्ये उभं राहिलं तेही असंच.

आता कोशर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कोशर म्हणजे नियमात बसणारं, योग्य. प्राणी खूर दुभंगलेला हवा आणि रवंथ करणारा हवा, दोन्ही. म्हणून बकरी चालते, डुक्कर चालत नाही. मासळीला पर आणि खवलं हवीत. पापलेट चालतं; कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या चालत नाहीत. डुकराच्या मांसावर जगातल्या सगळ्या रब्बींनी मिळून प्रार्थना केली तरी ते कोशर होणार नाही, आणि सफरचंदावर कुणी काही म्हटलं नाही तरी ते कोशरच आहे.

कापणाऱ्याला शोहेत म्हणतात. कापण्याआधी तो आशीर्वचन म्हणतो हे खरं. पण ते म्हणायचं राहून गेलं तरी मांस कोशर राहतं. सुरीच्या धारेला बारीकशी खाच सापडली तर मात्र राहत नाही. म्हणून शोहेत धारेवरून नख फिरवून बघतो, आधीही आणि नंतरही. मंत्रापेक्षा धार महत्त्वाची, याहून स्पष्ट काय सांगू?

घरातलं काम त्यापुढचं. रक्त वर्ज्य, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ चोळून तासभर निथळत ठेवायचं, मग तीनदा धुवायचं. माझी आई हे मोरीपाशी तिरक्या फळीवर करायची. पाणी लालसर वाहायचं आणि हळूहळू स्वच्छ व्हायचं. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, तीनदा सांगितलंय की करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस, म्हणून मांस आणि दूधदुभतं एकत्र येत नाही. आमच्या मटणाला दही नाही, नारळाचं दूध. पाकिटावर रब्बीची मोहर दिसते ती तपासणीची: कारखान्यात काय घातलं, कुठल्या भांड्यात शिजवलं. मेसेज लिहिणाऱ्याचा घोटाळा बहुधा त्या मोहरेनंच केला असावा.

ताऱ्याची पूजा कुठेही होत नाही. मूर्ती, चित्र, चिन्ह यांची पूजा करायला धर्मात सक्त मनाई आहे. तारा ज्यूंची खूण म्हणून सर्वत्र पसरला तो एकोणिसाव्या शतकात. जुनी खूण म्हणजे सात फांद्यांची दिवली, मेनोरा. सिनेगॉगमध्ये तोंड करायचं ते यरुशलेमकडे. आपल्याकडे ती दिशा पश्चिमेची, म्हणून पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात चामड्यावर हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी असते.

शनिवारबद्दल वाचून मला वाईट वाटलं. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर सुटतो. त्या वेळात आग पेटवायची नाही, म्हणून दिवा आधीच लावतात, आणि तो लावतात घर उजळावं म्हणून. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपास सोडला तर शब्बाथला उपास करायला मनाई आहे. उलट तीन वेळा जेवायला सांगितलंय. सुतकात असलेल्या माणसानंही त्या दिवशी उघड शोक करायचा नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडून धावायचं, हाही नियमच. आमच्याकडे वाइनऐवजी मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचं आशीर्वचन, म्हणतात. कोकणात आमच्या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता, आणि शनिवारी घाणा बंद असायचा. म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं 'शनिवार तेली'.

राहिला 'गुप्त' तालमूद, म्हणजे जुन्या रब्बींच्या धर्मचर्चांचा संग्रह. दानिएल बोम्बर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानदारानं 1520 पासून व्हेनिसमध्ये अख्खा तालमूद छापून विकला. आज त्याची भाषांतरं कुणीही वाचू शकतो. 1923 पासून जगभर हजारो साधी माणसं रोज एक पान याप्रमाणे साडेसात वर्षांत तो पुरा करतात. आत आहे काय? वाद. हनुक्का हा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. त्याबद्दल शम्माय या जुन्या गुरूचं घराणं, म्हणजे त्याची शिष्यपरंपरा, म्हणतं, पहिल्या दिवशी आठ दिवे लावा आणि रोज एक कमी करा. दुसरा गुरू हिल्लेल, त्याचं घराणं म्हणतं, एकापासून सुरू करा आणि रोज एक वाढवा. सगळीकडे हिल्लेलचं चालतं. शम्मायचं मतही त्याच पानावर, आहे तसं छापलेलं आहे.