मराठी बंद केली की मूल बोलायला लागतं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, यानं मुलाचा गोंधळ उडतो आणि ऑटिझम (स्वमग्नता) होतो. म्हणून मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. आईनं मोबाईल सोडून वेळ दिला तर सहा महिन्यांत मूल बरं होतं. थेरपी, दिव्यांग सर्टिफिकेट हे सगळे पैसे काढायचे धंदे.

आधी भाषांचं बघू. दोन-तीन भाषांनी ऑटिझम होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, आणि मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी होत असते. बोलणं उशिरा येण्याचं दुसरं एक कारण, डाऊन सिंड्रोम, तर एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत आल्यानं होतो. तिथं कन्नड काय करणार? 2005 साली कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेली दोन भाषा बोलणारी आणि एकच भाषा बोलणारी मुलं ताडून पाहिली. दोन भाषावाली मुलं इंग्रजीत मागे पडलेली दिसली नाहीत. मुलं मोजकीच होती, पण ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या नंतरच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेनं नुकसान झालेलं आढळलं नाही.

आता मराठी बंद करायची म्हणजे तोंड कुणाचं बंद करायचं? दिवसभर मूल सांभाळणाऱ्या आजीचं. खानापूरकडच्या एका घरात हा सल्ला पाळताना पाहिलाय. सून कामावर जाताना सासूला सांगून गेलेली, ‘आत्या, त्याच्याशी इंग्रजीतच बोला.’ आत्याबाईंना इंग्रजी येतंय कुठं? त्या आमटी-भाताचे घास भरवत होत्या, एक अक्षर न बोलता. पोरगं तांब्याकडं बोट दाखवत होतं, त्या नुसतं पाणी पाजत होत्या. एरवी तिथं ‘पाणी पायजे व्हय? तांब्या आण बघू’ एवढं तरी झालं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मुलांना सांभाळणाऱ्यांसाठी जे प्रशिक्षण तयार केलंय (नऊ गटसत्रं, तीन घरभेटी), त्याचा भर नेमका यावरच आहे: जेवण, आंघोळ, खेळ चालू असताना मुलाशी देवाणघेवाण वाढवणं. आजीच गप्प झाली तर देवाणघेवाण कसली?

आईनं वेळ दिला नाही, हा आरोप तर शिळाच आहे. गेल्या शतकाच्या मध्यात ‘थंड आई’मुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे डॉक्टर सांगत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं 1964 साली ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. मोबाईल कमी केलेला चांगलाच, त्यानं बोलणं-खेळणं वाढतं. पण ऑटिझम त्यानं जात नाही. (मेसेजभर बापाचा उल्लेख नाही, हेही लक्षात घ्या.)

राहिले धंदे. सहा महिन्यांत बरं करण्याची हमी देणारा खुशाल टाळा. सर्टिफिकेटचं मात्र तसं नाही. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र देशभर चालतं, बेळगावात काढलेलं कोल्हापुरातही. निरामय या केंद्र सरकारच्या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस एकटा प्रवास करू शकत नसेल तर रेल्वेच्या स्लीपर तिकिटात 75 टक्के सवलत मिळते आणि सोबतच्यालाही तेवढीच. दवाखान्यासाठी धारवाड-बेंगळुरूच्या खेपा घालणाऱ्या घराला हे थोडं नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीसाठी व्हीआरडब्ल्यू म्हणजे पुनर्वसन कार्यकर्ते नेमलेले असतात. कन्नड फॉर्म अडला तर त्यांना गाठा.