शेरीफ निवडून दिला की पोलीस आपले होतात का?

गावाकडच्या ग्रुपवर परत तोच विषय. जिल्ह्याच्या एसपींची मुदत संपायच्या आत बदली झाली आणि मामेभाऊ मला म्हणाला, दादा तुमच्याकडे अमेरिकेत बरंय, पोलीसप्रमुख लोकच निवडतात, आमदाराच्या एका फोनवर उचलत नाहीत. त्याचा संताप मला पटतो. पण निवडणूक हा उपाय मला पटत नाही, आणि हे मी इथे राहून सांगतोय.

मी सिएटलजवळ समामिशला राहतो. आमच्या शहराचं स्वतःचं पोलीस खातं नाही, किंग काउंटीच्या शेरीफ ऑफिसशी कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हणजे रस्त्यावर भेटतो तो पोलीस, इथे त्याला डेप्युटी म्हणतात, तो शेरीफचाच माणूस. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, आणि शेरीफ म्हणजे तिचा पोलीसप्रमुख. अमेरिकेत असे 3 हजारांहून जास्त शेरीफ आहेत आणि बहुतेक सगळे निवडून येतात, पुष्कळ ठिकाणी तुरुंगही त्यांच्याच हातात, कोर्टाचे समन्स बजावायचे, भाडेकरूला घराबाहेर काढायचं तेही त्यांनीच. (आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात, दिलीपकुमार, गावसकर, पण ते एका वर्षाचं मानाचं पद, त्याचा पोलिसांशी संबंध नाही.)

आता ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे जो अर्पायो बघा. 1993 पासून 2016 संपेपर्यंत शेरीफ, सलग सहा वेळा निवडून आले. फिनिक्सच्या त्या उन्हात कैद्यांना तंबूत ठेवलं आणि त्याचाच प्रचार केला. 2013 ला फेडरल (केंद्रीय) कोर्टाने सांगितलं की यांचे डेप्युटी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांना वंशावरून अडवतात, हे थांबवा. पुढे कोर्टाचा आदेश मोडला म्हणून 2017 ला दोषी ठरले, आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. खटल्याचा कोट्यवधी डॉलरचा भुर्दंड काउंटीच्या करदात्यांवर. त्या सगळ्या वर्षांत त्यांची बदली करायला कुणीच वर नव्हतं, कारण मतं मिळत होती. शेवटी 2016 ला हरले ते मतदानातच, हेही खरं, पण 24 वर्षांनी.

मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना गाडी थांबवून कागद विचारले जातात त्यातल्या कितीतरी जणांना मतच नसतं. 2020 ला आमच्या काउंटीत हाच प्रश्न मतदानाला आला, शेरीफ निवडायचा की नेमायचा. इथे मतपत्रिका पोस्टाने येते, शेजाऱ्यांकडे आली, आमच्या पेटीत नाही, कारण आम्ही तेव्हा ग्रीन कार्डच्या रांगेत, इथले नागरिक नव्हतो. कर भरतो, मुलं इथल्या शाळेत, रात्री काही झालं तर 911 हा मदतीचा नंबर लावणार आणि तोच डेप्युटी येणार, पण त्याच्या साहेबाबद्दल आमचं मत कुणी विचारणार नाही. लोकांनी कौल दिला नेमणुकीच्या बाजूने. 1996 मध्ये याच काउंटीने निवडणूक आणली होती, आणि आता 2022 पासून शेरीफ काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे कारभारी प्रमुख, नेमतात आणि काउंटीची कौन्सिल मंजुरी देते.

नेमणुकीतही राजकारण येतंच, ते मी नाकारत नाही. आणि निवडून आलेल्या शेरीफला निदान मत मागायला तरी लोकांपुढे उभं राहावं लागतं, हे मी मान्य करतो, आपल्याकडे एसपींना भर सभेत प्रश्न विचारायची सोय कुठे आहे.

पण विचार करा, आपल्याकडे एसपीची निवडणूक झाली तर तिकीट कोण देणार? पैसा कोण लावणार? जो आज फोन करतो तोच की. आणि वस्तीवरच्या, पालावरच्या माणसाचं, ऊसतोडीला बाहेर गेलेल्याचं मत तिथे किती चालणार?

सुप्रीम कोर्टाने 2006 च्या प्रकाश सिंह निकालात सांगून ठेवलंय, एसपीला आणि ठाणेदाराला किमान दोन वर्षं मुदत द्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने 2014 ला कायदा बदलला, पण अपवाद म्हणून मुदतीआधी बदली करायची वाटही त्यातच ठेवली. भांडायचं तर त्या वाटेवर भांडा. मामेभावाला मी तेच लिहिलं, यावेळी अपवादाचं कारण काय होतं ते माहितीच्या अधिकारात लेखी मागा, अर्जाचा मसुदा मी आज रात्री करून पाठवतो.