नवीन कमिटीसाठी: भाडेकरू नाकारण्याची सोपी पद्धत

कमिटीवर निवडून आल्याबद्दल अभिनंदन. निवडून म्हणजे, एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) कोरम भरला नाही, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरली आणि तुम्ही "नको नको" म्हणत असताना टाळ्या पडल्या. असो. लिफ्ट अडकते, टाकी गळते, ऑडिट रखडलंय. ती कामं होतील सावकाश. तुमचं खरं काम भाडेकरू निवडणं. परवाच अशी एक 'मुलाखत' फ्लॅटमालकाच्या खुर्चीत बसून पाहावी लागली आणि त्यात कमिटीचा कच्चेपणा इतका दिसला की थोडं मार्गदर्शन करावंसं वाटलं.

जात कधीही विचारायची नाही. ती काढून घ्यायची असते. सुरुवात आडनावापासून. मनासारखं आडनाव निघालं तर लगेच चहा मागवा. जाधव, पवार, गायकवाड निघालं तर पंचाईत, कारण ही आडनावं सगळ्या समाजांत सापडतात. मग "मूळ गाव कुठलं?" गाव कळलं की "गावात घर कुठल्या आळीला?" तरी अंदाज येईना तर "कुलदैवत?" आणि शेवटी, आवाज जरा खाली घेऊन, "घरी सगळं चालतं का?" समोर शेख किंवा डिसोझा असेल तर एवढा खटाटोप नको, "फ्लॅट कालच गेला" एवढं पुरतं.

एकटी मुलगी असेल तर "तुमच्याच सुरक्षिततेसाठी" नाकारा, एकटा मुलगा असेल तर "इतरांच्या सुरक्षिततेसाठी".

वास फक्त मासळीला येतो. हिंगाच्या फोडणीला आणि जिन्यातल्या सिगारेटला येत नाही, हे इतिवृत्तात नोंदवून ठेवा.

लेखी काहीही द्यायचं नाही. ब्रोकरला फोन, वॉचमनला निरोप, बास.

आता एनओसी. हे तुमचं ब्रह्मास्त्र. कमिटीचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय सामान आत येणार नाही, अशी नोटीस गेटवर लावा आणि टेम्पो बाहेर उभा राहू द्या. मात्र सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिची नोंदलेली नियमावली, कपाटातून बाहेर काढू नका, कारण २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. सभासदाने सोसायटीला आधी कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. संपलं. यात मुलाखत कुठे आहे? कुलदैवत कुठे आहे? बिनभोगवटा शुल्काचंही, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते त्या शुल्काचंही, तेच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे अख्खं मेंटेनन्सचं बिल नव्हे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी बाजूला काढा. उरलेलं सेवा शुल्क २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २०० रुपये. तुम्ही बॅचलरला दुप्पट लावता, ते कशाच्या आधारावर? ठरावाच्या? सर्वसाधारण सभेत हात वर झाले म्हणून ठराव कायद्याच्या वर जात नाही. तो उपविधीच्याही वर जात नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार गेली की हेच सेक्रेटरी "आम्ही फक्त विनंती केली होती" म्हणतात. आणि तोवर तो माणूस टोकन बुडवून, मुलांच्या शाळेचं वेळापत्रक विस्कटून दुसरीकडे गेलेला असतो. तुमची विनंती!

बरं, राग आवरून पुढचा मुद्दा.

कुणी भेदभाव हा शब्द काढलाच तर घटना काढायची. कलम १९(१)(ग), संघ स्थापण्याचं स्वातंत्र्य. कुणाबरोबर राहायचं हे आम्ही ठरवणार! जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा झोराष्ट्रीयन सोसायटीचा निकाल, म्हणजे समोरचा गार. मात्र तो निकाल वाचू नका. अहमदाबादच्या त्या सोसायटीच्या नोंदलेल्या उपविधीतच सभासदत्व फक्त पारशांना असं होतं, आणि तो उपविधी मान्य करून आत आलेल्या सभासदांना तो बांधील आहे, असा तो निकाल. तुमच्या उपविधीत असं एक अक्षर नाही. तुम्ही शासनाचे छापील आदर्श उपविधी जसेच्या तसे घेतलेत. उलट महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याचं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आणि भाडेकरू तर सभासद होतच नाही, तेव्हा संघाचा मुद्दा येतो कुठून?

हेही मान्य की कायद्याला इथे भोकं आहेत. कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. मालकाने स्वतःहून "अमुक लोक नकोत" म्हटलं तर त्याला पकडायला कायदा तोकडा पडतो. पण मालक तयार आहे, भाडेकरू तयार आहे, करार नोंदला गेलाय, आणि मध्येच तुम्ही! हे तुमचं स्वातंत्र्य नव्हे हो, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बसवलेलं कुलूप आहे.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयाला जागा नाकारली, "महाराष्ट्रीय चालत नाहीत" म्हणून. तेव्हा तुमच्या ग्रुपवर काय आग लागली होती! भेदभाव, अन्याय, आमच्याच राज्यात! बरोबरच होतं. त्याच ग्रुपवर दोन आठवड्यांत "यूपीवाले नकोत, मुस्लिम फॅमिली नको, कृपया सहकार्य करावे" आणि खाली अंगठ्यांची रांग. आपल्याला नाकारलं की भेदभाव, आपण नाकारलं की आवडनिवड?

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यात महाराजांच्या नोकरीत होते, तरी राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर लोक काठ्या घेऊन दारात आले. चौदा एप्रिलला हार घालता ना तुम्ही? मग गेटवरच्या त्या फॉर्ममधला 'समाज' हा रकाना कुणी छापला?

मैत्री कुणाशी करायची, जेवायला कुणाला बोलवायचं, हळदीकुंकवाला कोण येणार, हे तुमच्या घरात तुम्ही खुशाल ठरवा, कुणी विचारणार नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुमचं घर नाही. त्याचे हप्ते तुम्ही भरत नाही. तो रकाना खोडा, २०० रुपयांचं बिल पाठवा, कराराची प्रत फाइलला लावा आणि टेम्पो आत सोडा.