पूरग्रस्तांसाठी पायताण गोळा करताय? आधी माप विचारा

कोल्हापुरात पूर आला की तालमी, मंडळं, कॉलेजची पोरं रातोरात कामाला लागतात. २०१९ ला आणि २०२१ लाही हेच दिसलं. धान्य, कपडे, पाणी यांचा नुसता ओघ. पायताणाची आठवण मात्र शेवटी होते आणि तीही घरातली अडगळ काढायचं निमित्त म्हणून. हे बदललं पाहिजे.

चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडच्या गावांत पाणी उतरलं की घरात गाळ उरतो. त्या गाळात काचा, पत्र्याचे तुकडे, खिळे. अनवाणी साफसफाई म्हणजे धनुर्वाताचा धोका आणि वर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती, कारण उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या चिरेतून आत शिरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात लागतात गमबूट आणि मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल. साधी स्लीपर गाळात रुतते, ओढली की पट्टा निसटतो. आपली कोल्हापुरी कितीही लाडकी असली तरी ती या कामाची नाही. चामडं पाणी पितं, बुरशी धरतं, शिवण उसवते.

आवाहनाचा मेसेज टाकायच्या आधी आशाताईंकडून किंवा ग्रामपंचायतीतून यादी घ्या: बाई, पुरुष, मूल आणि प्रत्येकाचा नंबर. नंबर ठाऊक नसेल तर कागदावर उभं करून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. यादीशिवाय गोळा केलं की पुरुषांच्या ८-९ नंबरचा ढीग लागतो आणि बायकांचे ४-५ नंबर, पोरांची मापं शोधत बसावं लागतं. गमबूट कुणाच्या घरातून मिळत नाहीत, त्यासाठी सरळ पैसे मागा आणि घाऊक दुकानातून नंबरवार घ्या.

आलेला प्रत्येक जोड वाकवून बघा. पीयू (पॉलीयुरेथेन, फेसासारखं हलकं प्लॅस्टिक) सोलचे बूट वर्षानुवर्षं कपाटात राहिले की दमट हवेनं सोल आतून कुजतो. वरून कोरा करकरीत दिसतो, पायात घातल्यावर चार पावलांत भुगा. असला जोड गावात पाठवला तर ग्रामपंचायतीच्या डोक्यावर आणखी कचरा. धुतलेले बूट आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओलसर जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर पोचेपर्यंत बुरशी येते. नाडीला नाडी बांधा, चपलांच्या पट्ट्यांतून सुतळी ओवा, सोलवर चिकटपट्टी लावून मार्करनं नंबर लिहा. एकदा जोड फुटला की वाटपाच्या गर्दीत दुसरा पाय सापडत नाही.

पोती नकोत, खोकी घ्या. एका खोक्यात एकच नंबर, वीसेक जोड, नंबर दोन बाजूंना लिहिलेला. पोतं भरलं तर एका जोडासाठी सगळं उपसावं लागतं. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, म्हणून शिरोळ तालुक्याचा माल शहरात अडकवू नका, जयसिंगपूर बाजूलाच उंचावरच्या जागी उतरवून ठेवा.

वाटप यादीनुसार, घालून बघायला जागा ठेवून. यादीपेक्षा दहा टक्के जोड जास्त न्या, कारण नंबर एखाद्यानं मागेपुढे होतोच. आणि मोहीम पहिल्या आठवड्यात गुंडाळू नका. शाळा परत उघडतात तेव्हा पोरांना काळे बूट लागतात. तोवर मदतीचे टेम्पो यायचे थांबलेले असतात, त्यासाठीचे पैसे आधीच बाजूला काढा.