विल्यम बार्न्सची बोली आणि आपली शाळा

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे आदेश सरकारने २९ जून २०२५ रोजी मागे घेतले, तेव्हा इथे इंग्लंडात मला मनापासून आनंद झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही झाला होता. पण दोन्ही वेळी जळगावकडच्या मित्रांशी फोनवर तावातावाने बोलताना एक गोष्ट सलत राहिली. आम्ही सगळे मराठीसाठी भांडत होतो ते पुस्तकी मराठीत. ज्या लेवा गणबोलीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तिचं नावही कुणी काढलं नाही. ती आता लग्नाघरी थट्टामस्करीपुरती उरली आहे.

मी राहतो त्या डॉर्चेस्टर गावात सेंट पीटर्स चर्चच्या दाराशी एका म्हाताऱ्या पाद्र्याचा पुतळा आहे. हा विल्यम बार्न्स, डॉर्सेट या दक्षिण इंग्लंडमधल्या परगण्याच्या गावरान इंग्रजीत कविता लिहिणारा. टेनिसन, ब्राउनिंग या कवींच्या काळातला, पण इंग्लंडबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसलेला.

जन्म १८०१चा, ब्लॅकमोर खोऱ्यातल्या बॅगबरचा, साध्या शेतकऱ्याच्या घरातला. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि अक्षर चांगलं म्हणून वकिलाकडे कारकुनी मिळाली. बाकी सगळं स्वतःच शिकला, आणि काय काय शिकला! लॅटिन, ग्रीक, वेल्श, फारसी, आपली हिंदुस्थानीसुद्धा. १८५४ मध्ये त्याने व्याकरणाचा ग्रंथ लिहिला तो साठाहून अधिक भाषा ताडून. पोटासाठी शाळा चालवली, उतारवयाकडे झुकताना पाद्री झाला आणि १८६२ पासून मरेपर्यंत गावाबाहेरच्या केम इथल्या छोट्या चर्चचं काम पाहिलं. शाळेशेजारी एका वास्तुविशारदाकडे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला तरुण थॉमस हार्डी उमेदवारी करत होता. व्याकरणावरून वाद झाला की तो निकालासाठी बार्न्सचं दार ठोठावायचा. पुढे, १९०८ मध्ये, बार्न्सच्या निवडक कवितांचं संपादन हार्डीनेच केलं.

एवढा विद्वान माणूस शेतमजुराच्या भाषेत का लिहितो, हा प्रश्न त्याच्या हयातीतही विचारला जाई. त्याचं म्हणणं ठाम होतं: डॉर्सेटची बोली म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नव्हे. ती वेसेक्स या जुन्या इंग्लिश राज्याची, तिथल्या नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या भाषेची थेट लेक आहे. १८३४ पासून तो या बोलीतल्या कविता स्थानिक वर्तमानपत्रात देऊ लागला. सुरुवातीच्या कवितांतली गावकरी माणसं गावची गायरानं कुंपणं घालून बळकावली जातात त्याबद्दल बोलतात. गरिबाची गाय चरणार कुठे, हा त्या कवितेचा विषय होऊ शकला, कारण ती त्या गरिबाच्याच तोंडच्या भाषेत होती.

मला सगळ्यात हलवून सोडतात त्या त्याच्या बायकोवरच्या कविता. जूलिया माइल्सला त्याने डॉर्चेस्टरात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घोडागाडीतून उतरत होती. तिच्या वडिलांचा विरोध संपून लग्न व्हायला १८२७ उजाडलं. शाळेतल्या मुलांच्या राहण्याजेवणाचा सगळा व्याप तिनेच सांभाळला. १८५२ मध्ये ती गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं तो इटालियनमध्ये डायरी लिहिताना तिचं नाव लिहीत राहिला. एका कवितेत तो म्हणतो, मी आता त्या बीच नावाच्या झाडाखाली जाऊन बसतो जिथे तू कधी आलीच नव्हतीस; तिथे तुझी वाट पाहणं होत नाही, घरात होतं. दुसऱ्या एका कवितेत घर बदलताना माणूस गाडीकडे जाताना हात मागे धरतो, गेलेल्या बायकोला सोबत न्यायला. नाहीतर ती रिकाम्या घरात शोधत राहील. या दुसऱ्या कवितेतली यमकांची गुंफण फारसी कवितेतून घेतलेली आहे. डॉर्सेटची गावठी भाषा आणि फारसी कारागिरी! बोलीत फक्त भोळंभाबडं लिहिता येतं असं म्हणणाऱ्यांनी ही एक कविता वाचावी.

आपल्याकडे हे सिद्ध करायला परदेशी कवी लागत नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंनी कुंकू पुसलं गेल्याचं दुःख आमच्या बोलीतच सांगितलं, आणि त्या कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्यापासून सगळा महाराष्ट्र त्या डोक्यावर घेतो आहे. पण त्याच बोलीत उत्तर देणाऱ्या पोराला वर्गात सगळे हसतात. मला याचा संताप येतो.

डॉर्सेटमध्ये पुढे काय झालं ते नीट पाहायला हवं. हार्डीची टेस, १८९१च्या कादंबरीतली, घरी बोली बोलते आणि बाहेर शाळेत शिकलेलं इंग्रजी. दोन पिढ्यांत दुसरीने पहिलीला घराबाहेर काढलं. आज इथे ती बोली जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी थोडीफार ऐकू येते. बार्न्सचं सगळ्यांत लोकप्रिय गीत, संगीतकार वॉन विल्यम्सने १९०१ मध्ये चाल लावलेलं, बहुतेक ठिकाणी प्रमाण इंग्रजीत गायलं जातं. पुतळा आहे, कौतुक आहे, पण ती बोली शाळेत कधी शिरलीच नाही. अभिजात दर्जाचं तसं होऊ नये.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं, असं लिहिलेलं आहे. हिंदीविरुद्ध आपण मुलाच्या घरच्या भाषेचाच मुद्दा मांडला आणि तो बरोबरच होता. मग धुळ्याच्या मुलाची घरची भाषा अहिराणी, सावंतवाडीच्या मुलाची मालवणी, गडचिरोलीतल्या कित्येकांची गोंडी, हेही आपल्यालाच मान्य करावं लागेल. पहिली-दुसरीत मूल घरच्या बोलीत बोललं तर बाईंनी ते चुकीचं म्हणून खोडू नये. जिल्ह्याच्या बोलीतले दोन-चार धडे, तेही विनोदी नव्हेत, पाठ्यपुस्तकात असावेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या भागाची बोली शिकवावी.

बोलीचे लाड केले की मूल स्पर्धेत मागे पडतं, अशी भीती मित्र बोलून दाखवतात. बार्न्स स्वतः मुलांना उत्तम प्रमाण इंग्रजी आणि गणितही शिकवायचा. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत त्याचा एक विद्यार्थी साऱ्या देशात पहिला आला होता.