खुलासा : इराक युद्धाला विरोध करणारी सैनिकांची कुटुंबे

‘इराक युद्धाला विरोध करणाऱ्या अमेरिकनांना सैनिकांविषयी आकस होता, त्यांच्यात सैनिकाच्या घरचे कोणीच नव्हते,’ हा सध्या फिरणारा मजकूर परवा मीही पुढे पाठवला होता, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. त्या काळच्या बातम्या आणि संघटनांची निवेदने वाचल्यावर तो चुकीचा असल्याचे माझ्या लक्षात आले.

‘मिलिटरी फॅमिलीज स्पीक आउट’ ही संघटना युद्ध सुरू होण्यापूर्वीच, नोव्हेंबर २००२ मध्ये, सैनिकांच्या घरच्यांनीच स्थापन केली. सैनिकांना मायदेशी आणा आणि परतल्यावर त्यांची नीट काळजी घ्या, अशी त्यांची मागणी होती. सिंडी शीहान यांचा मुलगा केसी ४ एप्रिल २००४ रोजी बगदादमध्ये मारला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये त्या टेक्सासमधील क्रॉफर्डला, अध्यक्ष बुश यांच्या रँचजवळ, रस्त्याच्या कडेला तळ ठोकून बसल्या. तिथे मृत सैनिकांच्या नावांचे पांढरे क्रूस ओळीने उभे केलेले होते. सगळीच कुटुंबे त्यांच्या बाजूची नव्हती, हेही सांगायला हवे : आपल्या मुलाच्या नावाचा क्रूस तिथून काढून नेणारे वडीलही होते.

कृपया तो जुना मजकूर पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा अवश्य द्या.