मुलात बापाचे 95 टक्के? गोत्राच्या फॉरवर्डला उत्तर

लगीनसराई लागली की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोच. मनीषनगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा एका काकांनी तो टाकला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: वाय गुणसूत्र मुलाला फक्त बापाकडून मिळतं आणि त्याचा 95 टक्के भाग बदलत नाही, म्हणून मुलात 95 टक्के गुण बापाचे, 5 टक्के आईचे. बाप म्हणजे बीज, आई म्हणजे शेत. मुलीच्या वंशात बापाचा अंश 50, 25, साडेबारा असा घटत सातव्या पिढीत एका टक्क्यावर येतो, म्हणून लग्नाची गाठ सात जन्मांची. आणि एका गोत्रात वाय एकच असतं, म्हणून सगोत्र लग्नातून सदोष संतती होते.

"शास्त्रीय आहे, नीट वाचा," असं काकांनी खाली लिहिलं होतं. नीट वाचलं, काका. वाय बापाकडूनच येतं हे खरं आहे. पुढची गाडी मात्र रुळावरून घसरली आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा त्या 95 च्या आकड्यात आहे. आकडा खोटा नाही, तो भलत्याच गोष्टीला चिकटवलाय. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. पेशीतल्या 46 गुणसूत्रांची आधी एकेक नक्कल तयार होते. मग आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं सजातीय गुणसूत्र एकमेकांना लगटून बसतात आणि काही ठिकाणी तुटून आपापले तुकडे बदलून घेतात. यालाच क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. त्यानंतर पेशी लागोपाठ दोनदा विभागते आणि प्रत्येक युग्मकात, म्हणजे शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत, 23 गुणसूत्रं उरतात. पुरुषातली एक्स आणि वाय ही लिंग ठरवणारी जोडी मात्र बेजोड. ही दोघं फक्त टोकांशी जुळतात, त्यामुळे वायचा सुमारे 95 टक्के भाग ह्या देवाणघेवाणीत उतरत नाही. फॉरवर्डवाल्याने हे कुठेतरी वाचलं आणि 'वायचे 95 टक्के' याचे 'मुलाचे 95 टक्के' करून टाकले.

आता वाय आहे तरी केवढं? 2023 मध्ये त्याचं टोकापासून टोकापर्यंत वाचन पूर्ण झालं, तेव्हा लांबी भरली डीएनएच्या सव्वासहा कोटी अक्षरांच्या आसपास. माणसाच्या पेशीत आईचा आणि बापाचा असे दोन्ही संच मिळून सहाशे कोटींच्या वर अक्षरं असतात. म्हणजे वायचा वाटा शंभरात एक. बाकीची 22 गुणसूत्रं आई जेवढी देते तेवढीच बाप देतो. शिवाय आईकडून मुलाला जे एक्स मिळतं ते साडेपंधरा कोटी अक्षरांचं, वायच्या दुपटीहून मोठं. आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला 16,569 अक्षरांचा डीएनए जवळजवळ पूर्णपणे आईचाच. हिशोबच करायचा तर मुलाच्या पेशीत आईचा डीएनए बापापेक्षा थोडा जास्तच भरतो. हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन काकूंनी टाळ्या पाठवल्या, काकांनी काहीच नाही.

'वाय बदलत नाही' हेही अर्धवटच. नक्कल करताना होणाऱ्या बारीक चुका त्यात साचत जातात. त्या साचतात म्हणूनच तर पितृवंशाच्या शाखा ओळखता येतात. आणि टोकांची ती छोटीशी जुळणी चुकली तर एक्स आणि वाय दोन्ही एकाच शुक्रपेशीत जाऊ शकतात. एक्सएक्सवाय गुणसूत्रांची मुलं जन्माला येण्याचं हे एक कारण. ज्या 5 टक्क्यांची फॉरवर्ड आईच्या नावावर बोळवण करतो, त्याच टोकांवर बापाची शुक्रपेशी नीट घडणं अवलंबून असतं.

आता बीज आणि शेत. ही उपमा ज्याने केली त्याला युग्मक ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यामुळे त्याला दोष नाही. पण अंडपेशी म्हणजे नुसती जमीन नव्हे. तिच्यातही तेवढीच 23 गुणसूत्रं असतात, आणि त्यांची वाटणी मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते. मग ती अर्ध्यावर थांबते, पुढे कित्येक वर्षांनी बीजोत्सर्गाच्या वेळी सरकते आणि शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण होते.

आणि बीज म्हणजे बापच, हे संत्र्याच्या मुलखात तरी कोणी म्हणू नये. काटोल-वरुडकडे संत्र्याचा डोळा जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर बांधतात. जंबेरीची बी पेरली की एकीतून दोन-तीन कोंब निघालेले पन्हेरीवाल्यांनी, म्हणजे रोपवाटिकावाल्यांनी, रोज पाहिलेले असतात. त्यातले बहुतेक कोंब परागाच्या अंशाशिवाय, थेट आईझाडाच्या ऊतीतून तयार झालेले असतात. तिथे अर्धगुणसूत्री विभाजनाला बगल दिलेली असते. म्हणून ती रोपं हुबेहूब आईसारखी निघतात आणि खुंट एकसारखे मिळतात. वेगळं दिसणारं, म्हणजे बहुधा बापाचाही अंश असलेलं रोप पन्हेरीवाला उपटून फेकतो!

सात जन्मांचं गणित लवकर आटोपतं. दर पिढीला निम्मं होतं, कबूल. सातव्या वेळी 0.78 टक्के उरतात. पण हा भागाकार मुलाच्या वंशालाही तसाच लागू आहे, त्यातून सुटतो तो एकटा वाय. शिवाय पक्कं निम्मं फक्त आईबापांचं असतं. आजी-आजोबांचे 25 टक्के ही सरासरी आहे, कारण कोणता तुकडा कोणत्या युग्मकात जाईल हे दर वेळी नव्याने ठरतं. उलट गंमत अशी की बापाकडे एक्स एकच, तेही त्याच्या आईने दिलेलं. टोकं सोडली तर ते न तुटता त्याच्या मुलीकडे जातं. म्हणजे बापाच्या आईचं एक्स नातीत अखंड उतरतं. यावर कुणी गोत्र काढल्याचं ऐकलं नाही.

राहिलं सगोत्र लग्न. मुलीकडे वाय नसतंच, मग एकच वाय दोन्हीकडून येऊन दोष निर्माण होईल कसा? धोका असतो तो जवळच्या नात्यात, दोघांकडे एकच दबलेलं सदोष जनुक असण्याचा, आणि अशी बहुतेक जनुकं त्या बाकीच्या 22 जोड्यांवर असतात. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, म्हणून फॉरवर्डच्या हिशोबाने ते स्थळ बिनधोक. प्रत्यक्षात मामे-आते भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा डीएनए समान असतो. गोत्र पाळायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. साक्षीला गुणसूत्रं बोलवू नयेत, ती उलटी साक्ष देतात.

विदर्भात तर लग्नाआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक 11 व्या गुणसूत्रावर असतं, वायशी त्याचा संबंध नाही. वाहक, म्हणजे एएस, माणसाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. पण त्याच्या निम्म्या युग्मकांत ते जनुक जातं. दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं समजणारे बरेच भेटतात. तसं नाही. दर वेळी युग्मकं नव्याने तयार होतात आणि दर वेळी शक्यता तेवढीच राहते. सरकारी दवाखान्यात रक्ताची चाचणी मोफत होते. मुलीची आणि मुलाची, दोघांचीही करा, साखरपुड्याच्या आधी.